निखळलेला खुबा नागपूरपर्यंत थांबत नाही

खुब्याची वाटी (कमरेच्या हाडातला खळगा) तुटून खुबा निखळला, तर वाटीचं ऑपरेशन आठवड्याने होणार, मग निखळलेला खुबाही नागपूरला पोचल्यावरच बसवू, असं काही जण म्हणतात; ते पटलं नाही. तुटलेल्या वाटीला प्लेट ५ ते १० दिवसांनी लावली तरी चालते. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा मात्र वाटीत शक्यतो ६ तासांत आत हवा, नाहीतर त्याचा रक्तपुरवठा जाण्याचा धोका वाढतो. गडचिरोलीहून नागपूरच्या मेडिकलला (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) येण्यातच त्यातला बराच वेळ जातो. म्हणून भूलतज्ज्ञ आणि एक्स-रे असेल तिथेच बसवून पाठवा. आधी मांडीच्या हाडाची मान तुटलेली नाही ना, तेवढं बघा. पाऊल आणि अंगठा वर उचलता येतो का, हे बसवण्याआधी आणि नंतरही केसपेपरवर लिहा. पायाची नस (मज्जातंतू) कधी दुखावली यावरून पुढे वाद होतात. एक-दोनदा नाही जमलं तर झटापट नको.

सीटी स्कॅनचा मुद्दाही राहून जातो. गोळा बसल्यावर २ मिमी किंवा त्याहून बारीक कापांचा सीटी हवाच. साध्या एक्स-रेत सांधा छान बसलेला दिसतो आणि आत हाडाचा तुकडा अडकलेला असतो, तो तुकडा सांध्याचं गुळगुळीत अस्तर (कूर्चा) खरवडतो. असा तुकडा असेल किंवा गोळा परत सटकत असेल, तर ऑपरेशनपर्यंत मांडीच्या खालच्या टोकात पिन घालून ट्रॅक्शन (वजनाने पाय ओढून धरणं). पायाला चिकटपट्टी लावून वजन लटकवणं इथे पुरत नाही.