दंतवैद्यांच्या खुर्चीत घाबरणाऱ्या मुलीसाठी श्वसनाचा सराव : सल्ला हवा

शाल्मली :
माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या दुधाच्या दाढेतील कीड खोलवर गेल्यामुळे डॉक्टरांनी रूट कॅनाल करून कॅप बसवण्यास सांगितले आहे. खुर्ची मागे झुकली की ती श्वास रोखते, मुठी आवळते आणि तोंड घट्ट मिटून घेते. श्वसनाचे कोणते प्रकार या वयात जमतात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मंदार (बालदंतवैद्य) :
ती श्वास रोखून धरते, म्हणून सुरुवात श्वास सोडण्यापासून करावी. उच्छ्वास लांबला की मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस चेतातंतूच्या प्रभावाने हृदयाची गती मंदावते. याउलट 'खोल श्वास घे' म्हटले की मुले खांदे उचलून भराभर हवा ओढतात आणि त्यातून चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. त्यापेक्षा साबणाचे फुगे उडवायला द्यावेत. जोरात फुंकल्यास फुगा धरत नाही, हे तिचे तिलाच कळते. मात्र उपचाराच्या वेळी तोंड उघडे असल्याने श्वास नाकानेच घ्यावा लागतो, आणि नेमका हाच सराव बहुतेक पालक करून घेत नाहीत. आठवडाभर रोज रात्री तिला उताणे झोपवून, पोटावर आवडते खेळणे ठेवून, 'आ' केलेल्या तोंडाने पण नाकाने श्वास घ्यायला लावावे. सर्दी झाली असल्यास भेट पुढे ढकललेली बरी.

वासंती :
आमच्या नातवाला भ्रामरी आवडते. आत यंत्राचा आवाज सुरू झाला की तो बाहेर बसल्या बसल्या कान झाकून गुणगुणतो.

शाल्मली :
धन्यवाद, वासंतीताई. पण सुईच्या वेळी काय करावे?

मंदार :
भ्रामरी तोंड मिटून करायची असल्याने ती बाहेरच संपवावी. सुईपूर्वी हिरडीवर बधिर करणारी जेल लावतात. सुई टोचताना डॉक्टरांनी सावकाश आकडे मोजावेत आणि तिने तेवढा वेळ श्वास सोडत राहावे. डावा हात वर केला की काम थांबेल, असे आधीच ठरवावे आणि डॉक्टरांनी खरोखरच थांबावे. श्वसनाने भीती ओसरते, पण भुलीची जागा ते घेऊ शकत नाही. दाढ पुरती बधिर झाली नसताना मुलाला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगणे मला अन्यायाचे वाटते. एवढे करूनही जमले नाही, तर नाकावरच्या मास्कमधून नायट्रस ऑक्साइड हा सौम्य गुंगी आणून भीती कमी करणारा वायू देता येतो, आणि त्यासाठीही नाकाने संथ श्वास घेता यावाच लागतो.