अनुभव धागा : कड्यावर दुखावलेली बोटे

शनिवारी पहाटे बेळगावहून निघून बदामीचे कडे चढायला जाणाऱ्या आपल्या मंडळींपैकी बहुतेकांचे एखादे तरी बोट कधी ना कधी दुखावलेले आहे. पण विषय निघाला की ‘काही नाही, जरा मुरगळले होते’ यापुढे कोणी जात नाही. दुखापतीपेक्षा नंतरच्या दोन-तीन महिन्यांत आपण काय केले, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात माझ्यापासून करतो.

वालुकाश्माच्या एका अरुंद कपारीवर डाव्या हाताची बोटे पूर्ण दुमडून, वरून अंगठा दाबून धरलेला असताना माझा पाय सटकला. सगळा भार बोटांवर आला आणि ‘कट्’ असा आवाज झाला. तो खाली दोर धरून उभ्या असलेल्या मित्रालाही ऐकू गेला. दुसऱ्या दिवशी काढलेल्या एक्स-रेमध्ये काहीच दिसले नाही, आणि तिथेच मी फसलो. हाड शाबूत म्हणजे बोट शाबूत असे समजून मी आठवडाभर एका जाणकाराकडून तेल लावून बोट ओढून घेतले, त्यामुळे उतरू लागलेली सूज पुन्हा चढली. अखेर सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी बोटाचे टोक त्यांच्या हातावर दाबायला सांगितले, तेव्हा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी (टेंडन), हाडापासून दूर उचलली जाताना मला पडद्यावर स्पष्ट दिसली. कंडरेला हाडालगत धरून ठेवणारे जे आडवे पट्टे असतात, ज्यांना पुली म्हणतात, त्यांपैकी अनामिकेच्या बुडाकडची ‘ए-२’ पुली फाटली होती. एकच पुली गेलेली असेल तर सहसा शस्त्रक्रिया लागत नाही, असे सांगून त्यांनी बोटात घालायची प्लास्टिकची घट्ट कडी करून दिली.

तिलकवाडी, बेळगाव : वरील अनुभवाला टेपची जोड देतो. सुमारे 10 सेंमी लांब व दीड सेंमी रुंद चिकटपट्टी घ्यावी, दोन्ही टोकांकडून उभी चिरावी आणि मध्ये सेंटिमीटरभर भाग अखंड ठेवावा. तो भाग तळहाताच्या बाजूने मधल्या सांध्यावर ठेवून दोन शेपट्या सांध्याच्या खाली गुंडाळाव्यात, मग बोट वाकवून उरलेल्या दोन शेपट्या सांध्याच्या वर गुंडाळाव्यात. हिला एच-टेप म्हणतात. फाटलेली पुली टेपने जुळत नाही, तिला आधार मिळतो एवढेच. टेप आहे म्हणून जुन्याच मार्गावर चढायला गेलो आणि आणखी महिनाभर घरी बसलो.

निपाणी : माझी आई विड्या वळते. तिचे मधले बोट सकाळी दुमडलेले राहते आणि सरळ करताना खटकन सुटते, म्हणून माझ्या बोटाचा आवाज झाला तेव्हा ‘आपल्या घरातलेच दुखणे’ असे ती म्हणाली. डॉक्टरांनी फरक समजावला : तिच्या तळहाताजवळच्या ‘ए-१’ पुलीत कंडरा अडकते, तर माझे बोट एकदाच वाजले होते, तेही फाटताना.

खानापूर : मी शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. आमचा 14 वर्षांचा एक विद्यार्थी कधी पडला नव्हता, आवाज झाला नव्हता, तरी मधल्या बोटाचा मधला सांधा वरच्या बाजूने सुजला आणि दुखणे आठवडे झाले तरी हटेना. वडिलांना ते अभ्यास टाळण्याचे निमित्त वाटत होते. एक्स-रेत वाढीच्या कूर्चेजवळ, म्हणजे हाड जिथून वाढते त्या मऊ भागाजवळ, इजा आढळली. वाढत्या वयात पुलीआधी ही जागा हार खाते, म्हणून मुलांच्या बोटाला सूज दिसली की टेप लावून चढू देऊ नये, चढणे थांबवून तपासणी करावी. त्याचे चढणे पूर्ण बंद ठेवले. आता बोट बरे आहे, पण अंगठा दाबून धरण्याची पकड मी त्या वयात शिकवणे सोडून दिले आहे.

गोकाक : माझे बोट भेगेत अडकून आडवे पिळले होते. डॉक्टरांनी कन्नडमध्ये ‘एल्ली नोवु?’ (कुठे दुखते?) विचारून पेनाच्या टोपणाने एकेक जागा दाबली. दुखणे सांध्याच्या कडेला निघाले, पुलीवर नव्हे. शेजारच्या बोटाशी बांधून ठेवल्यावर ते बरे झाले.

चिकोडी : दुखापतीनंतर पुन्हा चढण्याकडे परतण्याचा हिशेब मला बादलीने शिकवला. फिजिओथेरपिस्टने हळूहळू भार वाढवायला सांगितले होते, पण घरी वजने नव्हती. म्हणून 20 मिमी जाडीची लाकडी पट्टी दोरीने बादलीला बांधली, बोटे अर्धी वाकवून ती उचलू लागलो आणि लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, या हिशेबाने तांब्याने मोजत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मूठ वळताना दुखले तर एक तांब्या कमी, नाही दुखले तर आठवड्यानंतर एक जास्त. बादली काठोकाठ भरायला मला अकरा आठवडे लागले, आणि गोठ्यातल्या म्हशीला तेवढे दिवस पाणी वेळेवर मिळाले.