मुलांसोबत नोर्डलिंगन

जर्मनीतील जुनी गावे दाखवायला नेले की मुले दुसऱ्या चर्चपाशीच कंटाळतात, हे आपले निरीक्षण मला पूर्ण पटते, आणि म्हणूनच बव्हेरियातील नोर्डलिंगन आपल्या यादीत घ्यावे असे आग्रहाने सुचवतो. या गावाचा मध्ययुगीन तट आजही अखंड असून त्यावरील छपराखालच्या वाटेने सुमारे २.७ किलोमीटरची प्रदक्षिणा पूर्ण करता येते; लहान मुलेही ती हसतखेळत चालतात.

गाव वसले आहे ते सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीच्या उल्कापाताने झालेल्या विवरात. आपले लोणार जेमतेम पावणेदोन किलोमीटर रुंद, तर हे सुमारे २४ किलोमीटर. लोणार पाहिलेल्या मुलांना ही तुलना चटकन भिडते. सेंट जॉर्ज चर्चच्या भिंतीवरून त्यांना हात फिरवू द्यावा: त्या करड्या, खरबरीत दगडात काचेसारखे काळपट तुकडे दिसतात, आणि याच जातीच्या दगडात डोळ्यांना न दिसणारे हिरेही आहेत. १९७० साली अपोलो १४ चे अंतराळवीर याच परिसरात दगड ओळखायला शिकले.

रात्री मात्र मुलांना जागे ठेवावे. चर्चच्या ९० मीटर उंच ‘डानिएल’ मनोऱ्यावरून पहारेकरी दहा ते बारा दर अर्ध्या तासाने ‘झो, क्झेल, झो’ (साधारण ‘असं, गड्या, असं’) अशी आरोळी देतो. उघड्या राहिलेल्या वेशीला अंग घासणाऱ्या डुकरिणीमुळे फितुरी उघडकीस आली आणि गाव वाचले, ही त्यामागची दंतकथा आधीच सांगून ठेवावी.