मदत हवी आहे : तळ्यातले मासे पहाटेच का मरताहेत?

मंडळी, घरामागच्या तळ्याचं पाणी दोन महिन्यांपासून पोपटी झालंय. हात बुडवला की बोटांना रंग लागल्यासारखा थर चढतो. गेल्या आठवड्यात तीनदा पहाटे मासे उलटे होऊन काठाला लागलेले दिसले. दुपारी मात्र उरलेले मजेत पोहतात.

वाचून एवढं कळलं की सांडपाण्यातल्या आणि खतांतल्या नायट्रेट-फॉस्फेटमुळे शेवाळ माजतं. दिवसा ते ऑक्सिजन सोडतं, रात्री मात्र स्वतःच ओढून घेतं, म्हणून सूर्योदयाआधी पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक मासे गुदमरतातच. आणि मी शहाणा रोज दुपारी १२ ला नमुना घेऊन ‘सगळं ठीक’ म्हणत होतो!

आता पहाटे विंकलर पद्धतीने (बाटलीभर पाण्यात रसायनं घालून त्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची रीत) मोजायचंय. रसायनं बाटलीत तिथे काठावरच घालायची हे ठाऊक आहे, पण बाटलीत हवेचा एखादा बुडबुडा राहतोच. काही युक्ती आहे का?

शेजारी म्हणतात मोरचूद टाका. पण शेवाळ एकदम मेलं तर ते कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही जाईल ना? कुणी करून पाहिलंय का?