'झिरो करणे' याला मराठीत काय म्हणावं?

पाटीपेन्सिल
न्यूझीलंडमध्ये ताहरच्या शिकारीसाठी रायफलवर कोणता स्कोप (नेमाची दुर्बीण) घ्यावा, यावरचं टिपण तिकडच्या मराठी मंडळींसाठी मराठीत आणायचं आहे. (ताहर म्हणजे मूळचा हिमालयातला रानबोकड. १९०४ मध्ये माउंट कुकच्या परिसरात सोडला आणि तिथे फार वाढला. आपल्याकडे कायद्याने शिकार बंद, म्हणून उदाहरण तिथलंच.) अडलंय या वाक्यावर: "रायफल १०० मीटरवर झिरो करा, मग टरेट झिरो करा." (टरेट म्हणजे स्कोपवरची, फुली सरकवायची आकडे असलेली फिरकी.) मी दोन्ही ठिकाणी 'शून्य करा' लिहिलं. मजकूर तपासणाऱ्यांचं म्हणणं, 'शून्यावर आणा' असं हवं. बरोबर काय?

लांबपल्ला
दोन्ही चूक, आणि चूक महागात पडणारी आहे. ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम म्हणजे फुली (स्कोपमधल्या उभ्या-आडव्या रेषांची) जिथे धरली तिथेच गोळी लागेल असं करणं. आधी बोल्ट काढून नळीतून २५ मीटरवरचं लक्ष्य बघायचं आणि फुली तिथे आणायची. मग १०० मीटरवर तीन बार काढायचे, तेही नळी थंड होऊ देऊन, कारण डोंगरात पहिली गोळी थंड नळीतूनच सुटते. तीन भोकांचा मध्य ६ सेंमी खाली आणि ४ सेंमी उजवीकडे असेल, तर ०.१ मिलच्या (मिल हे कोनाचं माप) टरेटवर वर ६ कट, म्हणजे क्लिक, आणि डावीकडे ४. दुसरं काम त्यानंतरचं: टरेटच्या टोपीचा स्क्रू सैल करून, आतला दांडा जराही न हलवता, टोपीवरचा ० खुणेसमोर आणणं. 'टरेट शून्यावर आणा' एवढंच वाचणारा माणूस स्क्रू सैल न करता टोपी फिरवून ० वर नेईल आणि आत्ताच जुळवलेलं सगळं मोडून बसेल.

पोथीवाचक
पहिल्या कामाला मराठीत पूर्वापार शब्द आहे: शिस्त. 'शिस्त धरणे', 'शिस्त बांधणे' म्हणजे नेम धरणे. फारसीत 'शस्त' म्हणजे अंगठा, आणि धनुष्याची दोरी ओढताना अंगठ्यात घालायचं कडंही. तिथून नेम हा अर्थ आला. वळणाची शिस्त त्याच शब्दातून फुटली असावी असा माझा कयास आहे. 'नेम'चंही तसंच बघा. नेमधर्मातला नेम आणि बंदुकीचा नेम एकच शब्द. म्हणून 'रायफलची शिस्त बांधा' असं लिहा.

दस्ता
पोथीवाचक, शब्द सुंदर आहे, पण आजचा वाचक 'रायफलची शिस्त' वाचून ती वापरण्याचे नियम समजेल. शिवाय शिस्त धरणं हे दर बाराला करायचं काम, आणि झिरो एकदा करून ठेवायचा. 'नेम जुळवणे' म्हणा. नेमबाज, नेमबाजी हे शब्द वर्तमानपत्रांत रोज चालतात. २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेला पॅरिसमध्ये कांस्य मिळालं तेव्हा सगळ्यांनी 'नेमबाज'च लिहिलं. (त्या ५० मीटर प्रकारात भिंग असलेला स्कोप चालत नाही, बारीक छिद्राची साइट असते. टिपणात ही सरमिसळ नको.)

पोथीवाचक
'नेम जुळवणे' मान्य, पण मग 'टरेट', 'मिल', 'क्लिक' तसेच ठेवून एकाच शब्दाला मराठी वेष कशाला? नळीच्या टोकावरच्या साइटला 'माशी' म्हणणारी भाषा आहे ही. तिला फुलीला शब्द सापडला, टरेटला का सापडू नये?

त्रिज्या
मिलसारखंच टरेटवरचं कोनाचं दुसरं माप म्हणजे एमओए (मिनिट ऑफ अँगल). त्याच्यापुरता तरी शब्द तयार आहे. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा भाग विकला. आपलं गणित हे शब्द कित्येक शतकं वापरतंय. एमओए म्हणजे एक कला. १०० मीटरवर एक कला २.९१ सेंमी, म्हणून पाव कलेच्या टरेटवर एका कटाला ०.७३ सेंमी. लांबपल्लांच्या उदाहरणात ६ सेंमीला ८ कट आणि ४ सेंमीला ५ किंवा ६ लागतील. मिलचा हिशेब सोपा: १०० मीटरवर १० सेंमी, ३०० वर ३० सेंमी. न्यूझीलंडमध्ये अंतर मीटरमध्येच मोजतात, म्हणून तिथे मिलचाच स्कोप घ्यावा. फुली मिलची आणि टरेट कलांचा अशी जोडी मात्र घेऊ नका. दर वेळी ३.४४ ने गुणत बसावं लागतं आणि थंडीत हात गारठलेले असताना तिथेच चूक होते.

लांबपल्ला
'कला' वाचायला गोड आहे, पण दुकानदाराला 'पाव कलेचा स्कोप द्या' म्हणून मिळणार नाही. खोक्यावर असतो तोच शब्द टिपणात हवा. एकदा 'एमओए, म्हणजे कला' लिहा आणि पुढे एमओएच चालू द्या. माझी जास्त काळजी 'आय रिलीफ'ची आहे. त्याचा 'नेत्र-आराम' असा अनुवाद दिसतो. आरामाशी त्याचा संबंध नाही. मागच्या काचेपासून डोळा किती लांब ठेवला की पूर्ण चित्र दिसतं, ते ते अंतर. 'डोळ्याचं अंतर' पुरे. जोरदार काडतुसाच्या रायफलला ते ९ सेंमीच्या खाली नको, नाहीतर धक्क्याने स्कोपची कड भुवईत रुतते. चढावर झोपून वर नेम धरला की डोकं आपोआप पुढे सरकतं. म्हणून ते अंतर उभ्याने नव्हे, झोपून, सर्वांत जास्त झूमवर तपासा.

पाटीपेन्सिल
'डोळ्याचं अंतर' घेतलं. 'पॅरॅलॅक्स'ला मी 'दृष्टिदोष' लिहिलंय.

पोथीवाचक
ते तर चष्म्याच्या दुकानातलं झालं! ग्रहणगणितात यालाच 'लंबन' म्हणतात, आणि त्याच्या जोडीला 'नति'. बघणारा पृथ्वीच्या मध्यावर नसून पृष्ठभागावर आहे, म्हणून चंद्र सरकलेला दिसतो. डोळा काचेच्या मध्यावर नसला की फुली लक्ष्यावरून सरकलेली दिसते. गोष्ट तीच.

त्रिज्या
गणितही तसंच बसतं. पुढची काच ५० मिमीची, लंबन १०० मीटरवर पक्कं केलेलं, आणि लक्ष्य ४०० मीटरवर. डोळा पार कडेला गेला तर चूक २५ × ३०० ÷ १०० = ७५ मिमी. तरी छातीच्या मापात ते खपून जाईल. पण त्यात वारा आणि अंतराचा अंदाज मिळवा, की प्राणी जखमी होऊन कड्यात हरवतो.

दस्ता
लंबन पहिल्यांदा कंसात द्या, पुढे 'पॅरॅलॅक्सची फिरकी' लिहा, आणि वापर नीट सांगा. आधी मागच्या काचेचं कडं फिरवून, आकाशाकडे बघत, फुली धारदार करायची. एका वेळी दोन-तीन सेकंदच बघायचं, नाहीतर डोळा स्वतःच जुळवून घेतो. मग लक्ष्यावर धरून बाजूची फिरकी अशी फिरवायची, की डोकं किंचित हलवलं तरी फुली लक्ष्यावरून सरकत नाही. फिरकीवरच्या आकड्यांवर विसंबू नका, ते अंदाजे असतात.

पाटीपेन्सिल
छान. पण 'झिरो'चं ठरलं का? आणि पहिल्या-दुसऱ्या फोकल प्लेनला काय म्हणू?

लांबपल्ला
'झूमबरोबर वाढणारी फुली' आणि 'न वाढणारी फुली'. पहिलीत मिलच्या खुणा कुठल्याही झूमवर खऱ्या. दुसरीत त्या एकाच झूमवर खऱ्या, बहुधा सर्वांत मोठ्या. झूम निम्मं केलं की तीच खूण दुप्पट मापाची होते. १८ वर नेम जुळवला आणि ९ वर खुणा मोजून गोळी झाडली, तर ती उंचावरून जाते. उलट वाढणाऱ्या फुलीत ३ झूमवर रेषा इतक्या बारीक होतात, की झुडपात फुली हरवते. ताहरसाठी मी वाढणारीच घेईन, मध्ये दिवा असलेली. ३ ते १८ झूम, ४४ मिमी काच, ३० मिमी नळी. ५६ मिमीच्या काचेला स्कोप रायफलवर धरणारी कडी उंच लागतात, मग गाल दस्त्यावर टेकत नाही आणि पाठीवर वजनही वाढतं. संध्याकाळी झूम १० वर आणा. ४४ ÷ १० म्हणजे ४.४ मिमीची प्रकाशाची तिरीप डोळ्यात येते, १८ वर जेमतेम २.४. दुपारी तापलेल्या दगडांवरून मृगजळ उकळतं, तेव्हाही झूम कमीच बरं.

पोथीवाचक
मृगजळ! या धाग्यातला एकमेव शब्द ज्यावर कोणी भांडलं नाही. फुलीचा इंग्रजी शब्द 'रेटिकल' लॅटिनमधल्या लहान जाळीवरून आला. १६४० च्या सुमारास विल्यम गॅस्कॉइन या इंग्रज खगोलज्ञाने दुर्बिणीत कोळ्याचा धागा बघितला, तिथून ही फुली सुरू झाली. त्याला 'फुलीजाळं' म्हणायला काय हरकत आहे?

दस्ता
'फुली' पुरते. जाळ्यापेक्षा कड्यांच्या स्क्रूंचं लिहा. बहुतेक कड्यांना २ न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतं, पण कडी बनवणाऱ्याचा आकडा पाळा. सगळे थोडेथोडे, तिरके आळीपाळीने आवळायचे. जास्त आवळले तर स्कोपची नळी चेपते आणि झूमचं कडं जड फिरतं. सैल राहिले तर स्कोप दर बाराला थोडा सरकतो आणि तुम्ही जुळवलेला नेम...

पोथीवाचक
...बांधलेली शिस्त सुटते. बघा, क्रियापद कसं बसलं.

दस्ता
बसलं. पण टिपणात 'नेम जुळवा' आणि 'टोपी शून्यावर लावा' हेच जाऊ द्या.

पोथीवाचक
'लावा' नको, 'स्क्रू सैल करून टोपीचा आकडा शून्यावर आणा'. टोपी डोक्यावर लावतात.