लॉकडाऊनमध्ये तुमच्या दारात 'सरकार' म्हणून कोण आलं होतं? (सातारा-सांगलीकरांचे अनुभव)

कृष्णाकाठ

काल घरपट्टीची जुनी पावती शोधत होते. फाईलीत पावती नाही सापडली, पण एक चतकोर कागद निघाला. एका बाजूला माझं अक्षर: 'दूध २, पारले, आईंच्या बीपीच्या गोळ्या (पट्टी सोबत दिली आहे), कोथिंबीर'. मागच्या बाजूला पेन्सिलनं कुणाचं तरी गिचमिड अक्षर: 'कोथंबीर नाही. १० रु परत.'

जुलै २०२० मधली चिठ्ठी आहे. समोरच्या बिल्डिंगमध्ये पेशंट निघाला आणि आमच्या गल्लीला दोन्ही बाजूंनी बांबू आणि पत्रे लागले. घरात आम्ही तिघी बायका: मी, सासूबाई आणि दहावीतली लेक. हे अडकले होते हैदराबादला. पहिल्या दिवशी मी पत्र्याशी जाऊन नुसती उभी राहिले, कुणाला हाक मारावी तेच कळेना. तेवढ्यात आमच्या भागातले सफाईचे मुकादम आले. एरवी गटार तुंबलं की आम्ही ज्यांच्या नावानं खडे फोडायचो, तेच. म्हणाले, "वहिनी, चिठ्ठी लिहून पिशवीत टाका, पैसे मोजून द्या, अकराला आणून देतो." पंधरवडाभर रोज अकराला पत्र्यावर टकटक व्हायची. कुणी त्यांना हे काम सांगितलं होतं की त्यांनी अंगावर घेतलं होतं, मी कधी विचारलं नाही. ती दहाची नोट मी साबणाच्या पाण्यात बुडवून दोरीवर वाळत घातली होती, हे लेकीनं आत्ता आठवण करून दिली.

टीव्हीवर तेव्हा रोज मोठी माणसं दिसायची. मला मात्र सरकार म्हटलं की तो पत्रा आणि ती टकटक आठवते. तुमच्याकडे कोण आलं होतं? चांगलं-वाईट दोन्ही लिहा.

हळदबाजार

घंटागाडी!! आमचा मुलगा तेव्हा चार वर्षांचा. दिवसभरात दारात येणारी एकच गाडी, त्यामुळे सकाळी सातला आंघोळ, भांग, पावडर करून तयार. एकाच दिवशी सगळा कचरा द्यायचा नाही म्हणे. केळ्याच्या साली दोन दिवस पुरवून टाकायचा.

गोडोलीकर

हाहाहा. आमच्याकडे कचरा द्यायला घरातले तिघे भांडायचे. तेवढीच दहा पावलं मोकळी हवा.

उरुणकर

आमचं काय विचारताय, आमच्यापासूनच तर सुरुवात. २३ मार्चला चार जण पॉझिटिव्ह आले आणि आठवड्याभरात देशभर इस्लामपूर इस्लामपूर. लॉकडाऊन तुम्हाला २५ पासून, आमचं गाव त्याआधीच गपगार. पुण्यातल्या मेव्हण्याला त्याच्या सोसायटीत सांगायची सोय नव्हती सासुरवाडी कुठली ते. तो 'कोल्हापूरच्या अलीकडं' म्हणायचा.

पण एक सांगतो. त्यावेळी गल्लीबोळातनं औषध मारायला द्राक्षबागेचे ब्लोअर आणले होते. ट्रॅक्टरला लावतात ते. लहान बोळात वळायचं कसं हे बागायतदारालाच ठाऊक, म्हणून चालवायलाही बागवालेच. आमची आई दार लावून आतनं ओरडली, "अरे माझ्या कढीपत्त्यावर मारू नको!" कढीपत्ता गेलाच. नंतर दोन वर्षांनी फुटला.

बेदाणा

उरुणकर, त्यातला एक ब्लोअर आमच्या पाहुण्यांचा होता :) बागेत तरी काय काम होतं त्याला? माल काढायला आलेला आणि व्यापारी फोन उचलेना. दहा रुपये किलोनं पण कुणी घेईना. निम्मा माल बेदाण्याला टाकला, उरलेला क्रेटनं शाळेत ठेवला, बाहेरून आलेली माणसं होती तिथं. आमच्या भागातली गलाईवाली मंडळी म्हणजे सोनं-चांदी गाळायला देशभर गेलेली. कुठनं कुठनं परत आली, पार केरळ-बंगालमधनं. चौदा दिवस नुसती द्राक्षं खाऊन कंटाळली. एकजण म्हणाला, "तात्या, आता भाकरी आण, नाहीतर मी पळून जातो."

विसराळू

विषयाला सोडून विचारते, राग नको. घरपट्टी ऑनलाईन भरली तर पावती लगेच येते का? मागच्या वेळी पैसे गेले आणि पावती नाही.

कृष्णाकाठ

विसराळू ताई, मी खिडकीवर जाऊनच भरते. स्क्रीनशॉट मात्र ठेवा.

माणदेशी

आमच्या गावाला चाकरमानी आले ते मे महिन्यात. तोवर वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकून रस्ता अडवलेला. माझा थोरला भाऊ मुंबईला माथाडी. वहिनी, दोन पोरं, सगळी रात्रभर ट्रकच्या मागं बसून आली आणि वेशीवर आमच्याच चुलत्यानं हात आडवा केला. गावच्या कोरोना समितीत होता ना तो. "आधी शाळेत, मग घरात." दादा काही बोलला नाही, पण त्यानं चुलत्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मला अजून आठवते. दिवाळीला अजून येणं-जाणं नाही.

शाळेत १४ दिवस. आम्ही फाटकाशी डबा ठेवून मागं सरायचं, मग वहिनी येऊन उचलायची. ग्रामसेवकानं पाण्याची टाकी लावून दिली, पण संडास एकच आणि माणसं २२. तिथं रोजची भांडणं. सरपंचबाई शेवटी स्वतः फाटकाशी उभ्या राहून वेळापत्रक लावून गेल्या, खडूनं भिंतीवर. ते पुसायला पुढं कुणाचा जीव होईना, पहिलीतली पोरं शाळा सुरू झाल्यावर ते वाचून हसायची.

दादाला बसून राहायचं ठाऊक नाही. पोती उचलणारा माणूस. त्यानं शाळेची मोडकी बाकं ठोकून नीट केली, झाडांना आळी केली. नेमका त्याला वर्ग मिळालेला तिसरीचा. तिसरीत तो दोनदा नापास. गुरुजी बघायला आले तर म्हणतो, "गुरुजी, तिसऱ्यांदा बसलोय, आता तरी वर ढकला."

अजिंक्यतारा

माणदेशी, शेवटची ओळ वाचून मोठ्यानं हसलो आणि मग चुलत्याचं आठवून वाईट वाटलं. आमच्या जावळीत पण हेच. मुंबईच्या मनिऑर्डरीवर घरं बांधली आणि मुंबईकर आला की कडी.

दारची तुळस

मी आशा सेविका आहे. खटाव तालुका. जास्त लिहिता येत नाही, मोबाईलवर आहे, भाकरी टाकायच्यात.

२२ मार्चला संध्याकाळी पाचला सगळ्या गावानं थाळ्या वाजवल्या. एप्रिलमध्ये मी रजिस्टर घेऊन गेले तर तीच माणसं दार लावून घ्यायची, "तू दहा घरं फिरून आलीस." त्यांचंही खरं होतं. मी घरी आले की माझी सासू मला गोठ्यात आंघोळ करायला लावायची. माझं लेकरू दीड वर्षाचं होतं, ते रडायचं, तरी आधी आंघोळ. कोरोनाच्या कामाचं महिना हजार रुपये जादा मिळायचे, ते पण मागून.

मग सप्टेंबरात 'माझे कुटुंब माझी जबाबदारी' आलं. कपाळाला लावायची टेम्परेचर गन आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. एका आजीनं गन बघून हात वर केले. खरंच वर केले. म्हणाली, "बाई, माझ्याकडं काय न्हाय, चार मण्यांची पोत हाय." तिचाच ऑक्सिजन ८४ लागला. बोलत होती चांगली, धाप नाही काही नाही. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी उंबऱ्याबाहेर बसले. वाचली. अजून भेटली की हात वर करते.

हळदबाजार

ताई __/\__

पेठनाका

ताई, भाकरी करपली नाही ना? सवडीनं अजून लिहा.

कुपवाडी

सगळं गोड गोड चाललंय म्हणून थोडं मीठ टाकतो. आमच्या भागात पाच किलो आट्याच्या पिशवीवर सात जणांचे हात होते फोटोत. घेणाऱ्या म्हातारीचा चेहरा नीट यावा म्हणून तिला मास्क खाली करायला लावला. मास्क!

आणि रेशन. आमचं कार्ड केशरी. मोफतचा पाच किलो तांदूळ अंत्योदय आणि प्राधान्यवाल्यांना. आमच्यासारख्यांना मे-जूनमध्ये माणशी तीन किलो गहू आठ रुपयांनी आणि दोन किलो तांदूळ बारा रुपयांनी. रोजगार दोघांचेही बंद, पण कार्डाचा रंग कोण बदलणार? त्यात संसर्ग नको म्हणून आमचा अंगठा घेणं बंद, दुकानदाराच्याच अंगठ्यावर सगळं. आता त्या अंगठ्यावर कुणाच्या नावानं किती गेलं ते तो अंगठाच जाणे. पाच रुपयांची शिवभोजन थाळी होती म्हणून एप्रिल निघाला. लाजत गेलो होतो, रांगेत पुढं माझाच फोरमन.

अजिंक्यतारा

फोरमनचं वाचून गप्प झालो.

गावभाग

सांगलीकर सांगा, महापुरातून उठून आपल्याला आठ महिने तरी झाले होते का? २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर. आमच्या भिंतीचा ओलावा मार्चमध्ये पण गेला नव्हता. पुरात ज्या माणसांनी "बाहेर निघा, बाहेर निघा" म्हणून भोंगा फिरवला, तीच माणसं, तीच गाडी, तोच भोंगा, "आत व्हा, आत व्हा". आमची आजी गॅलरीतून ओरडली, "तुमचं एकदा काय ते ठरवा!"

कृष्णाकाठ

आजी :)) सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणतात आमच्याकडे तोच भोंगा पुढे लसीकरणाला पण आला.

नीरेपलीकडं

पुण्याहून ई-पास काढून आलेलो. सारोळ्याचा पूल ओलांडला, शिरवळला थांबवलं, तपासलं, हातावर शिक्का. घरी आलो तर बाबांनी शिक्का बघून अंगणातच खाट टाकलेली. शाई जाता जाईना. मी लिंबू घासायचो आणि आई म्हणायची, "जाऊ देऊ नकोस, पोलीस विचारतील." इतकंच. बाकी काही घडलं नाही, आंबे खाल्ले.

पलूसचं पोरगं

आमच्या गावात पाणी सोडणारे तात्या. ग्रामपंचायतीचे शिपाई म्हणा, व्हॉल्वमन म्हणा, वसुली म्हणा, सगळं एकच माणूस. ऑगस्टमध्ये तात्यांच्या घरात पेशंट निघाला आणि तात्या घरात बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या ध्यानात आलं की कुठला व्हॉल्व्ह कुठं आहे हे तात्या सोडून कुणालाच माहीत नाही. नकाशा नाही, वही नाही. तीस वर्षं सगळं त्यांच्या डोक्यात.

मग ग्रामसेवक, मी आणि एक पाना. मला घेतलं कारण माझ्या मोबाईलचा स्पीकर मोठा. तात्या घरातनं बोलत होते, "लिंबाखाली दगड हाय न्हवं, त्यो सरकीव. खाली बग. साडेतीन आटं. चवथा फिरवलास तर खालची आळी बोंबलंल." मी साडेतीन म्हणजे नेमकं किती ह्या विचारात चौथा फिरवला. पाचव्या मिनिटाला खालच्या आळीतनं खरंच आरडाओरडा सुरू. तात्या फोनवर हसायला लागले आणि हसता हसता खोकला. तो खोकला ऐकून आम्ही दोघंही गप्प उभे. ग्रामसेवक म्हणाले, "तात्या, झोपा तुम्ही, आम्ही बघतो." तर म्हणाले, "काय बघताय, टाकी भरंल आता, मोटार कोण बंद करनार?"

असे सतरा दिवस. सगळं मी एका वहीत उतरवलं. कुठला व्हॉल्व्ह, किती आटे, कुठला उलटा फिरतो (एक उलटा आहे, बसवतानाच चुकलेला). तात्या बरे झाले. आल्यावर वही बघून जरा रुसले. म्हणाले, "मग आता माझं काय काम?"

बेदाणा

वा रे पोरा. उलटा व्हॉल्व्ह प्रत्येक गावात एक असतोच.

मलकापूर

आमच्याकडे चोवीस तास पाणी, आम्हाला आटे कळत नाहीत ;)

पेठनाका

आले कराडकर चिडवायला.

संगममाहुली

इतके दिवस लिहू की नको करत होतो. सासरे सप्टेंबर २०२० मध्ये गेले. साताऱ्यात. माहुलीला कैलास स्मशानभूमीत पालिकेची माणसं सगळं करत होती, डोक्यापासून पायापर्यंत त्या पांढऱ्या पोशाखात. आम्ही दोघे, मी आणि मेव्हणा, लांब उभे. चेहरा नाही, पाणी नाही, काही नाही. त्यातला एकजण आमच्याकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "पाव्हणं, तुमच्यात काय पद्धत असती? मडकं फिरवायचं का?" मेव्हण्याला बोलता येईना. मी हो म्हणालो. त्यानं तसल्या उन्हात, तसल्या पोशाखात, मडकं खांद्यावर घेऊन तीन फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीला थांबून आमच्याकडे बघायचा, बरोबर चाललंय ना म्हणून. त्या दिवशी त्यांच्याकडे आमच्याआधी किती झाले होते आणि नंतर किती रांगेत होते, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

चेहरा मला कधी दिसलाच नाही. पोवई नाक्यावर पालिकेची माणसं चहाला उभी असली की मी उगाच जरा रेंगाळतो. आवाज ऐकायला.

दारची तुळस

दादा. काय लिहू.

गोडोलीकर

...

माणदेशी

भाऊ, नंबर पाठवा तुमचा. बोलू.

विसराळू

अवांतर करत होते त्याची लाज वाटली. आमच्याकडे तेव्हा कुणी आलंच नाही, खरं सांगायचं तर. पेन्शन आणायला बँकेत जाता येईना तेव्हा पोस्टमन घरी आला, आईचा अंगठा मशीनवर घेतला आणि पैसे हातात दिले. म्हणजे आलंच की. मी त्याला सरकार समजत नव्हते.

कुपवाडी

कृष्णाकाठ, तुमचे मुकादम आहेत का अजून?

कृष्णाकाठ

बदलून गेले दुसऱ्या भागात. आज सकाळी त्यांना चिठ्ठीचा फोटो पाठवला. उत्तर आलं: 'कोथंबीर तेव्हा मंडईतच आली नव्हती वहिनी.' अजून त्याचाच खुलासा!

नीरेपलीकडं

धागा वर आलाच आहे तर विचारतो. गावी आलोय, दोन दिवस आमच्या आळीला पाणी नाही. पाणी सोडणाऱ्याचा फोन बंद. काय करावं?

पलूसचं पोरगं

लिंबाखाली दगड आहे का बघा.