अखाजीला घरभर माणसं आणि टीव्ही एकच, काय लावू? मदत हवी आहे

राम राम मंडळी, मी अमळनेरचा. पिक्चर-सिरीजचा नाद घरात सगळ्यांना माहितीये म्हणून ही जबाबदारी दरवर्षी माझ्याच गळ्यात पडते. यंदा अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन्ही आत्या, ताई, तिची पोरं सगळे येताहेत. सकाळी गौराई, झोके, मग रस आणि खापरावरची पुरणपोळी हाणली की दुपारी बारा ते पाच घराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही, आपल्याकडचं ऊन तुम्हाला काय सांगायचं. म्हणजे एक कूलर, एक टीव्ही आणि सात वर्षांच्या भाचीपासून ऐंशी पार केलेल्या आजीपर्यंत चौदा माणसं.

गेल्या अखाजीला मी शहाणपणा करून छावा लावला. फेब्रुवारीत थेटरात पाहिलेला होता, शेवटी काय आहे ते माहीत होतं, तरी लावला. शेवटच्या अर्ध्या तासात आजी उठली ती देव्हाऱ्यापुढे जाऊन बसली आणि रात्री जेवलीच नाही, मोठ्या आत्याने मला जे झापलंय ते अजून आठवतं. बाकी माझं मत विचाराल तर विकी कौशलने जीव ओतलाय, पण राजे गर्जना करताना जेवढे दिसतात तेवढे माणूस म्हणून दिसत नाहीत, आणि पिक्चरभर सगळ्यात कमी बोलणारा अक्षय खन्ना डोक्यातून जात नाही. रहमानचं संगीत मला तरी त्या काळाचं वाटलं नाही. (मारू नका, मत आहे.)

धुरंधर सुचवू नका, साडेतीन तास आणि ए सर्टिफिकेट, भाचा अक्षय खन्नाच्या एन्ट्रीचा नाच दिवसभर करत फिरतो तेवढं पुरे. पंचायत घरातल्यांची पाहून झालीये. पहिले दोन सीझन म्हणजे ओट्यावर बसून गप्पा माराव्यात तसे होते, चौथ्यात नुसती निवडणूकच निवडणूक, दुधी विरुद्ध कुकर. आजीला दुधी निशाणी फार आवडली होती, ती हरल्यावर तिचा मूडच गेला.

खरी अडचण आजीचीच आहे. सबटायटल वाचता येत नाहीत, हिंदी अर्धं कळतं आणि पुण्याकडचं मराठी ऐकलं की विचारते, "हाऊ काय बोली ऱ्हायना रे?" सिरीयलवाल्यांनी रात्रीस खेळ चालेमध्ये मालवणी आणली, तुझ्यात जीव रंगलामध्ये कोल्हापुरी, लागिरं झालं जीमध्ये सातारी, मग आजीच्या, आपल्या खान्देशच्या अहिराणी बोलीने काय घोडं मारलंय? यूट्यूबवरच्या खान्देशी कॉमेड्या आहेत पण दहा मिनिटांत डोकं उठतं, सगळे नुसते ओरडतात. तर शिव्या नकोत, रक्त नको, आजीला कळेल आणि पोरं मोबाईल खाली ठेवतील असं काही आहे का?

धुळेकर_भो: सुपरबॉइज ऑफ मालेगाव बघ ना भो! आमच्या धुळ्याहून तासाभराच्या रस्त्यावरची गोष्ट, जिल्हा नाशिक असला म्हणून काय झालं.

धागाकर्ता: पाहिलाय भो, गेल्या वर्षीचा माझा नंबर एक. छावानंतर दोनच आठवड्यांनी आला आणि त्या गर्दीत दबला, मला इकडे शो मिळाला नाही म्हणून नाशिकला जाऊन पाहिला. व्हिडिओ पार्लर चालवणारी पोरं स्वतःच पिक्चर काढतात आणि शेवटी आपल्या आजारी दोस्ताला, शफीकला, सुपरमॅन करतात, तिथे मी रडलो. पण हिंदी आहे ना, आजीचं काय?

केळीवाली: दादा, साबर बोंडं लाव. २०२५ला अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म फेस्टिवलमध्ये वर्ल्ड सिनेमाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळालाय, बोलणं खेड्यातलं आहे, दहा दिवसांचं सुतक अगदी आपल्या घरात चालल्यासारखं दाखवलंय.

धागाकर्ता: ताई, सुंदर आहे पण दोन पुरुषांचं प्रेम आहे त्यात, चौदा जणांत मी काय तोंड दाखवू?

केळीवाली: आजीचं नाव पुढे करून स्वतःची लाज लपवू नका 😄 त्या ऐंशी वर्षांत तुमच्यापेक्षा जास्त पाहून बसल्यात. पोरांसमोर नको म्हणा, ते पटेल.

धुळेकर_भो: मग दशावतार. दिलीप प्रभावळकर, डोळे अधू झालेला म्हातारा कलावंत, पोरगा म्हणतो आता थांबा आणि हा थांबत नाही. मालवणी आहे पण चेहऱ्यावर सगळं कळतं. इंटरवलनंतर मारामारी आहे, तेवढं बघून घे.

धागाकर्ता: अपडेट. काल रात्री आजीला एकटीला दशावतारचा पहिला अर्धा तास दाखवला. भाषा कळली नाही म्हणाली, पण त्यातला म्हातारा कलावंत बाबुली तोंडाला रंग लावायला बसला तशी खाटेवरून उठून टीव्हीजवळ सरकली आणि माहेरच्या यात्रेत रातभर सोंगं कशी निघायची, डफावर वही (आपल्याकडचं लोकगाणं) कशी म्हणायचे ते सांगत बसली, पिक्चर राहिला बाजूलाच. तर पहिली दुपार दशावतार पक्का, मारामारी आली की भाचीला कुल्फी आणायला पाठवतो. ताई, साबर बोंडं पोरं झोपल्यावर रात्री गच्चीवर लॅपटॉपवर लावतो, आत्या आल्या तर आल्या. आता दुसऱ्या दुपारचं सांगा कोणीतरी, आणि कार्टून सुचवू नका, आत्या घोरायला लागतात.